आधी छेद, मग अंश

किंमत-उत्पन्न गुणोत्तराची व्याख्या एका वाक्यात संपते. कंपनीच्या एका समभागाच्या बाजारभावाला त्याच समभागामागे वर्षभरात झालेल्या निव्वळ नफ्याने भागले की जो आकडा येतो, तो म्हणजे हे गुणोत्तर. शेअर बाजाराच्या रोजच्या बोलण्यात त्यालाच ‘पीई’ म्हणतात आणि समभागामागच्या नफ्याला ‘ईपीएस’. भाव २०० रुपये आणि ईपीएस १० रुपये असेल तर पीई २० होतो, म्हणजे कंपनीच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी बाजार २० रुपये मोजायला तयार असतो. हाच भागाकार उलटा केला तर २०० रुपयांवर १० रुपये, म्हणजे ५ टक्के परतावा दिसतो आणि तो बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाशेजारी ठेवून पाहता येतो. व्याख्या इतकी सोपी असल्यामुळेच पीई कमी म्हणजे शेअर स्वस्त आणि पीई जास्त म्हणजे शेअर महाग हा समज बाजारात रुजला आहे, आणि नव्या गुंतवणूकदाराला सर्वांत आधी शिकवला जातो तोही हाच.

समभाग-संशोधनाच्या कामात उत्पादन कंपन्यांची दहा-पंधरा वर्षांची आकडेवारी वार्षिक अहवालांतून उचलून एका तक्त्यात मांडावी लागते, आणि असे तक्ते वर्षानुवर्षे मांडणाऱ्या विश्लेषकाचा अनुभव या समजाच्या नेमका उलट जातो. एका दिवसाचा पीई पाहून काही ठरवता येत नाही हे तर सगळेच मान्य करतात. पण दहा वर्षांचा पीई एका ओळीत मांडूनही, त्या ओळीखाली ईपीएसची ओळ नसेल तर, तो तक्ता दिशाभूलच करतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की कारखानदारी करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हे गुणोत्तर छेदाकडून वाचायला हवे: नफा कोणत्या वर्षाचा, कोणत्या परिस्थितीतला, कशाकशाने फुगलेला किंवा दबलेला, हे कळल्याशिवाय त्याने भागून आलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

टाटा स्टीलचे उदाहरण यासाठी विशेष उपयोगी पडते, कारण या कंपनीचा इतिहास लांब आहे, हिशेब सविस्तर छापलेले आहेत आणि पोलादाच्या धंद्यातील चढउतार तिच्या आकड्यांत स्पष्ट उमटतात. १९०७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा मूळ कारखाना जमशेदपूरला असला तरी नोंदणीकृत कार्यालय मुंबईतील बॉम्बे हाउसमध्ये आहे. जुलै २०२२ मध्ये तिच्या १० रुपये दर्शनी मूल्याच्या प्रत्येक समभागाचे १ रुपयाचे दहा समभाग झाले, म्हणून पुढील सर्व आकडे १ रुपयाच्या समभागाच्या हिशेबाने, आणि उपकंपन्यांसह केलेल्या एकत्रित हिशेबाचे आहेत. मार्च २०२०च्या अखेरीस, टाळेबंदीच्या भीतीने बाजार कोसळला असताना, भाव सुमारे २७ रुपये होता आणि २०१९-२० या वर्षाचा ईपीएस जेमतेम १ रुपया १९ पैसे होता; म्हणजे पीई २३च्या आसपास. दोन वर्षांनी, मार्च २०२२च्या अखेरीस, भाव १३१ रुपयांच्या घरात गेला होता, पण ईपीएस ३३ रुपयांवर पोहोचल्यामुळे पीई केवळ ४ उरला होता. त्यानंतरच्या मार्चमध्ये भाव १०४ पर्यंत उतरला आणि ईपीएस ७ रुपये १७ पैशांवर आला, तेव्हा पीई साडेचौदा झाला. मार्च २०२४ मध्ये भाव पुन्हा चढून १५६ च्या जवळ होता, परंतु त्या वर्षी एकत्रित हिशेबात ४,९१० कोटी रुपयांचा तोटा असल्याने पीई काढताच येत नव्हता. मार्च २०२५ मध्ये भाव जवळपास तिथेच, १५४ रुपये, आणि ईपीएस २ रुपये ७४ पैसे; पीई ५६.

या ओळी सावकाश वाचाव्यात. पहिल्या दोन वर्षांत हा शेअर ‘महाग’ दिसत होता तो भाव सर्वांत कमी असताना, आणि ‘स्वस्त’ दिसत होता तो भाव जवळजवळ पाचपट झाल्यावर. २३ च्या पीईला घाबरून दूर राहिलेल्याची संधी गेली, आणि ४ चा पीई पाहून आत शिरलेल्याचे भांडवल वर्षभरात पाचव्या हिश्श्याने घटले. नियम उलटा धरावा असे यातून निघत नाही. निघते ते एवढेच, की पीई हलत होता तो प्रामुख्याने छेदामुळे. भाव सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत सहापटीपेक्षा कमी अंतर होते, तर ईपीएस १ रुपयापासून ३३ रुपयांपर्यंत गेला आणि तेथून शून्याखाली उतरला.

असे का होते, याचे उत्तर पोलादाच्या खर्चरचनेत आहे. झोतभट्टी, म्हणजे लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांपासून वितळलेले लोखंड काढणारी उंच भट्टी, एकदा पेटवली की वर्षानुवर्षे अखंड चालू ठेवावी लागते. मागणी घटली म्हणून ती विजेच्या दिव्यासारखी बंद करता येत नाही. कामगारांचे वेतन, कर्जावरचे व्याज, घसारा, खाणींचा खर्च हे सर्व विक्रीदर काहीही असला तरी चालूच राहते. समजा, टनामागे विक्रीदर ६०,००० रुपये आणि एकूण खर्च ५०,००० रुपये आहे. विक्रीदर १० टक्क्यांनी उतरून ५४,००० झाला आणि खर्च तोच राहिला, तर नफा १०,००० वरून ४,००० वर येतो, म्हणजे दरातील दहा टक्क्यांच्या घटीने नफ्यातील साठ टक्के नाहीसे होतात. दर वाढताना हेच गणित कंपनीच्या बाजूने धावते. २०२१-२२ मध्ये महासाथीनंतरची मागणी आणि जगभरातील चढे दर एकत्र आले व टाटा स्टीलचा एकत्रित निव्वळ नफा ४१,७४९ कोटी रुपयांवर गेला; त्याआधीच्या वर्षी तो ८,१९० कोटी आणि नंतरच्या वर्षी ८,०७५ कोटी होता. दोन्ही बाजूंना आठ-आठ हजार कोटी आणि मध्ये एकच उंच कळस, असे ते चित्र आहे.

बाजाराने हा कळस कळस म्हणूनच ओळखला होता. २०२१-२२चे निकाल मे २०२२च्या सुरुवातीला जाहीर झाले, त्याच्या आधीच युक्रेनमधील युद्धामुळे कोकिंग कोळशाचे भाव भडकले होते, आणि निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले, जे पुढे नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आले. असा नफा पुन्हा मिळणार नाही हे भावाने आधीच धरून ठेवले होते. म्हणून ४ हा पीई खरे तर ‘शेअर स्वस्त आहे’ असे सांगत नव्हता, तर ‘हा नफा टिकणारा नाही’ असे सांगत होता. त्याच रीतीने मार्च २०२०चा २३ हा आकडा ‘नफा यापेक्षा फार खाली जाणार नाही’ असे सांगत होता.

निकोलस मोलोडोव्स्की या अमेरिकी विश्लेषकाने १९५३ साली पीईच्या सिद्धांतावर लेख लिहून हा परिणाम मांडला आणि अभ्यासात तो त्याच्याच नावाने ओळखला जातो: नफा तात्पुरता खाली गेला की पीई फुगतो, तात्पुरता वर गेला की आकसतो, कारण भाव दीर्घकाळच्या नफ्याकडे पाहत असतो आणि छेदात मात्र एकाच वर्षाचा नफा बसवलेला असतो. पीटर लिंच या निधी व्यवस्थापकाने १९८९च्या आपल्या पुस्तकात चक्रीय धंद्यांच्या, म्हणजे पोलाद, मोटारी, सिमेंट यांसारख्या तेजीमंदीच्या फेऱ्यांत चालणाऱ्या धंद्यांच्या बाबतीत कमी पीई हे धोक्याचे चिन्ह मानावे असा इशारा दिला होता. पुस्तकात हे वाचणे सोपे. तेजी ऐन भरात असताना ते पाळणे अवघड. २०२२ सारख्या वर्षात संशोधन विभागात येणारा प्रत्येक दुसरा प्रश्न ‘पीई चार आहे, मग घ्यायला काय हरकत आहे?’ असाच असतो, विचारणाऱ्याच्या हातात खरा आकडा असतो आणि उत्तर देणाऱ्याजवळ त्या घडीला फक्त शंका असते. मागील दहा वर्षांचा तक्ता समोर असला तरच त्या शंकेला आधार मिळतो. टाटा स्टीलच्या तक्त्यात २०१५-१६ आणि २०१६-१७ ही दोन्ही वर्षे एकत्रित तोट्याची आहेत, हे त्या वेळी डोळ्यांसमोर असणे फार मोलाचे होते.

पुढच्या वर्षाच्या अंदाजित नफ्याने भाग देऊन ही अडचण सुटते असे मानले जाते, पण प्रत्यक्षात ती बहुधा केवळ एक वर्ष पुढे सरकते. तेजीत विश्लेषकांचे अंदाज चढतात, मंदीत ते उतरतात, आणि हे चढणे-उतरणे विक्रीदराच्या मागोमाग होत असल्याने अंदाजित पीईदेखील कळसाच्या वेळीच सर्वांत आकर्षक दिसतो. अंदाज जितका ताजा, तितका तो चालू दरांच्या प्रभावाखाली असतो, हे या कामात पुन्हा पुन्हा पाहायला मिळते.

तक्ता मांडण्याच्या कामात जिथे सर्वाधिक वेळ जातो आणि जावा, ती जागा म्हणजे वार्षिक अहवालाच्या शेवटच्या शंभर-दीडशे पानांतील टिपा. नफा-तोटा पत्रकाच्या अगदी तळाशी ईपीएसच्या दोन ओळी असतात: मूळ आणि सौम्यीकृत. पहिल्या ओळीत वर्षभरातील समभागांची भारित सरासरी संख्या धरलेली असते. दुसऱ्या ओळीत रोखे किंवा कर्मचाऱ्यांना दिलेले हक्क यांचे पुढे समभागांत रूपांतर झाले तर संख्या किती वाढेल हेही धरलेले असते. त्या ओळींच्या शेजारी टिपेचा क्रमांक असतो, आणि ती टीप उघडली की भागधारकांच्या वाट्याचा नफा कोणता, त्यातून कायमस्वरूपी रोख्यांवरचे वितरण वजा केले आहे का, समभागांची संख्या का बदलली, हे सगळे एका छोट्या कोष्टकात मिळते. एकूण नफा आणि भागधारकांच्या वाट्याचा नफा हे वेगळे असतात, कारण उपकंपन्यांत बाहेरच्या भागीदारांचाही हिस्सा असतो. तक्त्यात एका वर्षी पहिला आणि दुसऱ्या वर्षी दुसरा आकडा घेतला गेला, तर ती गफलत पुढे कुणाच्या लक्षात येत नाही.

दर्शनी मूल्याच्या विभाजनाचे तसेच आहे. टाटा स्टीलच्या २०२१-२२च्या अहवालात ईपीएस ३३२ रुपये छापलेला आहे, कारण तेव्हा समभाग १० रुपयांचा होता. विभाजनानंतरचा शंभर-सव्वाशेचा भाव घेऊन त्याला या छापील आकड्याने भागले तर पीई एकाच्याही खाली येतो. इतका विचित्र आकडा पाहून कुणीही थबकेल. परंतु एकास एक बक्षीस समभाग दिलेल्या कंपनीत हीच गफलत २४ च्या जागी १२ दाखवते, आणि १२ हा आकडा संशयास्पद वाटत नाही. म्हणून तक्त्यातील पहिले काम म्हणजे सर्व वर्षांचे ईपीएस आजच्या समभागसंख्येच्या पायावर आणणे.

त्यानंतर येतो स्वतंत्र आणि एकत्रित हिशेबाचा प्रश्न. स्वतंत्र हिशेबात फक्त मूळ कंपनीचा नफा असतो, एकत्रित हिशेबात तिच्या देशी-परदेशी उपकंपन्यांचाही. २००७ साली टाटा स्टीलने कोरस ही युरोपातील पोलाद कंपनी घेतली, आणि तेव्हापासून या दोन हिशेबांत कधी कधी जमीन-अस्मानाचा फरक पडत आला आहे. २०२३-२४ मध्ये स्वतंत्र हिशेबात ४,८०७ कोटींचा नफा होता आणि एकत्रित हिशेबात तोटा, कारण वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील झोतभट्ट्या बंद करून विद्युत भट्टीकडे वळण्याच्या निर्णयासाठी मोठ्या तरतुदी कराव्या लागल्या होत्या. एकाच दिवशी, एकाच भावाला, एका माहितीस्थळावर पीई ४०च्या पुढे आणि दुसऱ्यावर रिकामी जागा, असे त्यामुळे दिसू शकत होते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टी निर्देशांकाचा पीई मार्च २०२१च्या अखेरीपासून स्वतंत्राऐवजी एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तेव्हा तो एका रात्रीत सुमारे ४० वरून ३३ वर आला. बाजार त्या रात्रीत स्वस्त झाला नव्हता, फक्त छेद बदलला होता. त्या दिवसाची खूण न करता निफ्टीच्या पीईचा वीस वर्षांचा आलेख काढणारे लेख आजही छापले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

अपवादात्मक बाबी नावाची नफा-तोटा पत्रकातील ओळ हीदेखील दरवर्षी थांबून पाहण्याची जागा आहे. जमीन विकून आलेला लाभ, बंद केलेल्या कारखान्याची तरतूद, उपकंपनीच्या मूल्यातील घट अशा एकदाच घडणाऱ्या गोष्टी येथे येतात. टाटा स्टीलच्या २०१७-१८च्या नफ्यात ब्रिटनमधील निवृत्तिवेतन योजनेच्या फेररचनेतून आलेला मोठा एकवेळचा लाभ होता. तो वगळला नाही तर त्या वर्षाचा पीई खोटाच कमी दिसतो. अलीकडचे उदाहरण याहून ठळक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला आणि प्रवासी वाहनांचा व्यवसाय उरलेल्या कंपनीच्या तिमाही हिशेबात विलगीकरणापोटी सुमारे ८२,६०० कोटी रुपयांचा कागदोपत्री लाभ दाखवावा लागला. तिमाहीचा निव्वळ नफा त्यामुळे ७६ हजार कोटींच्या पुढे गेला, पण चालू व्यवसाय प्रत्यक्षात तोट्यात होता. यंत्राने काढलेला पीई या नफ्याने भागाकार करत राहतो; ओळ वाचणारा माणूसच तो लाभ बाजूला ठेवू शकतो. पुण्या-चिंचवडात या कंपनीचे समभाग घराघरांत आहेत आणि अशा वेळी दिसणारा एक आकडी पीई कसा आला हे तेथील भागधारकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय देण्यात आला, तेव्हाही अनेक कंपन्यांचे ईपीएस धंद्यात काही न बदलता बदलले; तो बदल टिकणारा होता, म्हणून वगळायचा नव्हता, पण आधीच्या वर्षांशी तुलना करताना लक्षात ठेवायचा होता.

कारखानदारीचा आणखी एक विशेष म्हणजे पैसा आधी जातो आणि नफा बऱ्याच उशिराने दिसतो. नवा कारखाना उभा राहत असताना त्यावरचा खर्च ताळेबंदात ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या शीर्षकाखाली साठत जातो, त्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याजही बहुतांशी त्यातच मिळवले जाते आणि नफ्याला ते शिवत नाही. कारखाना सुरू झाला की व्याज आणि घसारा दोन्ही नफ्यातून वजा होऊ लागतात, पण उत्पादन पूर्ण क्षमतेला पोहोचायला वेळ लागतो. टाटा स्टीलच्या ओडिशातील कलिंगनगर येथे दुसऱ्या टप्प्यातील मोठी झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. या टप्प्याचा खर्च सुमारे २७,००० कोटी रुपये आणि वाढणारी क्षमता ५० लाख टन. अशा टप्प्यावर ईपीएस दबतो, पीई चढतो, आणि कंपनी महाग झाली असे वरवर दिसते, वास्तविक भविष्यातील नफ्याची पायाभरणी त्याच वेळी चाललेली असते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घसारा हा जुन्या खरेदी किमतीवर आकारला जातो आणि भट्टीचे आतले अस्तर बदलायची वेळ येते तेव्हा खर्च नव्या किमतीने होतो. ज्या कंपनीने दहा वर्षे काहीच नवे बांधलेले नाही तिचा नफा त्यामुळे चांगला आणि पीई कमी दिसू शकतो, पण ती यंत्रसामग्री खाऊन जगत असते. वार्षिक अहवालातील घसारा आणि त्याच वर्षाचा भांडवली खर्च हे दोन आकडे शेजारी मांडले की हे लगेच कळते.

कर्ज पीईमध्ये दिसत नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव मानावी लागते. मे २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेतून भूषण स्टील घेण्यासाठी टाटा स्टीलने ३५,२०० कोटी रुपये मोजले आणि मार्च २०२०च्या अखेरीस कंपनीचे निव्वळ कर्ज एक लाख कोटींच्या पुढे होते. नंतरच्या दोन वर्षांतील नफ्यातून ते निम्म्याच्या आसपास आणण्यात आले. मार्च २०२०चा भागधारक आणि मार्च २०२२चा भागधारक यांच्या डोक्यावरचा बोजा त्यामुळे मुळीच सारखा नव्हता. पोलाद कंपन्यांचा अभ्यास करणारे म्हणूनच पीईऐवजी टनामागचा एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा, आणि समभागांचे बाजारमूल्य व कर्ज यांच्या बेरजेशी त्या नफ्याचे प्रमाण, हे आधी पाहतात.

छेदाचा चढउतार सपाट करण्याचा जुना आणि अजूनही चांगला उपाय म्हणजे सरासरी. बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४च्या ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात एका वर्षाऐवजी अनेक वर्षांच्या सरासरी नफ्याचा आग्रह धरला होता, आणि जॉन कॅम्बेल व रॉबर्ट शिलर यांनी १९८८ पासून दहा वर्षांच्या सरासरीचा वापर संपूर्ण बाजारासाठी रूढ केला. टाटा स्टीलच्या २०१८-१९ ते २०२४-२५ या सात वर्षांचे ईपीएस मांडून, तोट्याच्या वर्षासह सरासरी काढली तर ती ८ रुपयांच्या आसपास येते. या एकाच छेदाने भागले असता मार्च २०२०चा पीई साडेतीनच्या जवळ, मार्च २०२२चा १६ आणि मार्च २०२५चा १९ येतो. २३, ४ आणि ५६ या मूळ आकड्यांत जे चित्र उलटसुलट होते ते येथे भावाच्या चालीशी जुळते: सर्वांत कमी भावाला शेअर सर्वांत स्वस्त दिसतो.

या सरासरीला मर्यादा आहे आणि ती झाकू नये. मार्च २०२० मध्ये उभ्या असलेल्या माणसाला पुढची पाच वर्षे दिसत नव्हती. त्याच्या मागे तोट्याचीही वर्षे होती. एवढेच काय, २०१९-२०चा ईपीएसही त्या दिवशी उपलब्ध नव्हता, कारण ते निकाल जून २०२० मध्ये आले. वार्षिक निकालांसाठी कंपन्यांना वर्षअखेरीनंतर साठ दिवसांची मुदत असते आणि त्या साथीच्या वर्षी ती वाढवण्यात आली होती. तेव्हा ३१ मार्चचा भाव आणि त्याच तारखेला संपलेल्या वर्षाचा नफा यांचा भागाकार हा नेहमीच नंतरच्या माहितीने केलेला भागाकार असतो. अभ्यासासाठी तो चालतो, पण ‘तेव्हा कुणीही ओळखले असते’ असे त्यावरून म्हणता येत नाही. ज्यांना जुन्या निर्णयांची परीक्षा करायची असेल त्यांनी भावाच्या तारखेपर्यंत जाहीर झालेल्या चार तिमाहींचाच नफा घ्यावा.

अंशाचे, म्हणजे भावाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ते पोलादासारख्या धंद्यात झाकले जाते आणि स्थिर धंद्यात उघडे पडते. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सचा नफा पोलादाइतका हिंदकळत नाही. मार्च २०२२च्या अखेरीस तिच्या समभागाचा भाव सुमारे ३,०८० रुपये, ईपीएस साडेएकतीस रुपयांच्या वर आणि पीई ९७ होता. पुढील दोन वर्षांत वार्षिक नफा ३,०३१ कोटींवरून ५,४६० कोटींवर गेला, म्हणजे ८० टक्क्यांनी वाढला, आणि तरीही मार्च २०२४च्या अखेरीस भाव २,८५० च्या आसपासच होता. पीई ५० वर आला होता. कंपनीने आपले काम चोख केले, भागधारकाच्या पदरात मात्र लाभांशाखेरीज काही पडले नाही, कारण दोन वर्षांचीच नव्हे तर त्याहून कितीतरी पुढची वाढ ९७ या आकड्यात आधीच मोजून दिलेली होती. त्यातच बिर्ला समूहाने रंगांच्या धंद्यात उतरण्याची तयारी चालवली होती आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘बिर्ला ओपस’ बाजारात आले; २०२४-२५ मध्ये एशियन पेंट्सचा नफा ३,६६७ कोटींवर उतरला. चांगल्या कंपनीचा पीई खाली येणे ही क्रिया भागधारकासाठी किती दीर्घ आणि कंटाळवाणी असते, हे एका वर्षाच्या आकड्यात कधीच दिसत नाही.

दोन्ही कंपन्यांचे तक्ते शेजारी ठेवले की कोणता प्रश्न कुणाला विचारायचा हे स्पष्ट होते. एशियन पेंट्सच्या बाबतीत विचारायचे, की इतक्या भावात किती वर्षांची वाढ आधीच दिली आहे. टाटा स्टीलच्या बाबतीत विचारायचे, की हा नफा फेरीच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे. दोन्हींचा पीई एका रकान्यात मांडून त्यांची तुलना करणे, जे गुंतवणुकीच्या माहितीस्थळांवर सर्रास दिसते, त्याला या लेखकाच्या मते काहीही आधार नाही.

वाचकाने आपल्याकडे समभाग असलेली एखादी उत्पादन कंपनी निवडावी आणि तिचे मागील दहा वार्षिक अहवाल काढावेत. सूचिबद्ध कंपन्यांचे अहवाल त्यांच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. प्रत्येक अहवालातून एकत्रित ईपीएस, अपवादात्मक बाबी, घसारा, भांडवली खर्च, निव्वळ कर्ज आणि वर्षअखेरीचा भाव एवढ्याच ओळी उतरवाव्यात, समभागसंख्येतील बदल जुळवून घ्यावेत आणि मगच भागाकार करावा. एका सुटीच्या दिवसात हे काम होते. तो तक्ता हाती येईपर्यंत त्या कंपनीचा पीई कमी आहे की जास्त, याविषयी कुणाचेही मत, विश्लेषकाचेसुद्धा, स्वीकारू नये.